दुसरी सही

ओटर फॉल्स, मिशिगन
९ सप्टेंबर २०२४

प्रिय ट्रुडी,

खट्, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग टिंग. आज सकाळी जाग आली ती या आवाजाने. पेपर मिलच्या दारातलं हजेरीचं घड्याळ. माणूस कार्ड आत सरकवायचा, घड्याळ ते दातात धरून जरा विचार केल्यासारखं करायचं आणि मग वेळ उमटवून सोडून द्यायचं. सातच्या पाळीला साडेतीनशे माणसं रांगेत, आणि तो आवाज एकामागून एक, वर्गाने एका सुरात कविता म्हणावी तसा. मिल पाडली त्याला सोळा वर्षं झाली. घड्याळाचं काय झालं कोण जाणे. आवाज मात्र माझ्याकडे राहायला आलाय. ज्या कानाला दारावरची घंटा ऐकू येत नाही, त्याला हा बरोबर ऐकू येतो.

तुझं पत्र मिळालं, सोबतचा फॉर्मही. एकावन्नाव्या वर्षी तू परीक्षेला बसणार हे वाचून माझ्या हातून कॉफी सांडली, आणि फॉर्मच्या पहिल्या पानावर तिचा एक तलाव झाला आहे. वाळेल.

मला समजलं ते असं. खिडक्यांच्या कारखान्याला नवे मालक आले. त्यांनी सांगितलं, एचआरच्या खुर्चीत बसायचं असेल तर नव्या वर्षाच्या आत प्रमाणपत्र आणा, नाहीतर हजेरी नोंदवायच्या संगणकापाशी जा. आणि परीक्षा मंडळ म्हणतं, आधी चार वर्षं स्वतः निर्णय घेतल्याचा दाखला आणा. कारखान्यातल्या तुझ्या चोवीस वर्षांना ते कारकुनी समजतात, कारण प्रत्येक कागदावर सही साहेबाची. उरली ती माझ्या हाताखालची पाच वर्षं, चौऱ्याण्णव ते नव्याण्णव. तुला मी टायपिस्ट म्हणून घेतलं आणि पहिल्याच आठवड्यात तू माझी सगळी कपाटं रिकामी करून पुन्हा लावलीस, ती.

काय दिवस होते. नोकरी मागायला आलेल्या प्रत्येक माणसाला मी शेवटी एकच विचारायचो, शाळेतली एखादी कविता येते का. मिस सारींच्या एकाच खोलीच्या शाळेत आम्ही आठही इयत्ता एकत्र बसायचो, आणि त्या म्हणायच्या, ज्याला दोन ओळी पाठ आहेत तो माणूस अगदीच एकटा नसतो. एकाहत्तर साली चोवीस वर्षांचा आर्वो नीमी ओल्या बुटांनी माझ्या टेबलासमोर उभा राहिला आणि नदीवरची अख्खी कविता म्हणून गेला, चौदा कडवी. मी त्याला तिथल्या तिथे कार्ड दिलं.

फॉर्म नीट वाचून भरीन. घाई करू नकोस.

तुझा,
रेनोमामा

०

वॉसॉ, विस्कॉन्सिन
१४ सप्टेंबर

मामा,

घाई करू नकोस असं तू लिहिलंस ते मी तीनदा वाचलं. मामा, मुदत आहे. फॉर्म मंडळाकडे पोचल्याशिवाय परीक्षेची तारीख पक्की होत नाही. तारीख नाही तर प्रमाणपत्र नाही. प्रमाणपत्र नाही तर ज्या मुलीला मी गेल्या वर्षी फायली कशा लावायच्या ते शिकवलं, ती माझी साहेब. वय सव्वीस. गोड आहे. प्रमाणपत्र आहे. रोज सकाळी माझ्या टेबलाशी येऊन विचारते, ट्रुडी, हे कसं करायचं असतं.

फोन केला असता, पण फोनवर तू फक्त 'काय' म्हणतोस. म्हणून पत्र.

ते कविता म्हणून घेण्याचं कृपा करून कुठे लिहू नकोस. माझ्या अभ्यासाच्या पुस्तकात, पाचव्या धड्यात लिहिलंय की उमेदवाराला कामाशी संबंध नसलेलं काही विचारणं म्हणजे निवडीतला दोष. तुझी अख्खी कारकीर्द त्या धड्यात चुकीचं उदाहरण म्हणून छापता येईल.

अभ्यासाचं विचारशील तर माझं डोकं फिरायची वेळ आली आहे. प्रश्न कसे असतात ऐक. दोन कामगार एका हीटरवरून रोज भांडतात, तुम्ही आधी काय कराल. चार उत्तरं, चारही बरोबर, त्यातलं सर्वांत बरोबर निवडायचं. मी हे भांडण प्रत्यक्षात मिटवलंय. हीटर उचलून माझ्या खोलीत आणला आणि दोघांना डोनट दिले. चारांत हीटर उचलणं नाहीच. उत्तर काय, तर आधी वस्तुस्थिती गोळा करा. मामा, वस्तुस्थिती एवढीच होती की एकाला थंडी वाजत होती. सराव परीक्षेत मला शंभरात एकसष्ट मिळाले. शिकवणारी बाई सांगते, अनुभव विसरा, पुस्तकातल्या कारखान्यात काम करताय असं समजा. तीस वर्षांचा अनुभव विसरायचा, आणि तो आहे म्हणून दाखला पण आणायचा.

असो. फॉर्ममध्ये काय लिहायचं ते मी सांगते, तू फक्त उतरवून काढ. सगळ्यांत महत्त्वाचा रकाना सातवा आहे, 'अर्जदाराने स्वतः घेतलेला एक निर्णय'. तिथे अठ्ठ्याण्णवची यादी लिही. अडतीस माणसं कमी करायची होती, लेंपीमामीच्या ऑपरेशनसाठी तू मार्केट शहरातल्या हॉस्पिटलात होतास, आणि मी एकटीने दोन दिवसांत करार वाचून, सगळ्या सेवेच्या तारखा तपासून यादी केली. एकही तक्रार आली नाही. हे वाक्य नक्की लिही, एकही तक्रार आली नाही. आयुष्यात मी केलेलं सर्वांत चोख काम आहे ते.

औषधं घेतोस ना?

ट्रुडी

०

ओटर फॉल्स
२३ सप्टेंबर

प्रिय ट्रुडी,

फॉर्म भरून थेट मंडळाला पाठवला आहे, म्हणजे तुला काळजी नको. सगळे रकाने भरले. 'कामाचे स्वरूप' या रकान्यावर चार दिवस विचार केला. तू ऑफिसात आलीस तेव्हा मार्चमध्ये नदीवरचा बर्फ तडकतो तसं काहीतरी झालं होतं, ते शब्दांत कसं आणावं हे सुचेना. शेवटी बरं जमलं असं वाटतं. जागा कमी पडली म्हणून समासात लिहिलं.

सातवा रकाना थोडक्यात भरला. 'विश्वासू' एवढंच लिहिलं. त्यात सगळं आलं.

इकडे मेपल लाल झाले आहेत. लेंपी असती तर वेलदोड्याचा पाव केला असता. दुकानात मिळतो तो नुसताच गोड लागतो.

तुझा,
रेनोमामा

०

वॉसॉ
१२ ऑक्टोबर

मामा,

मंडळाने फॉर्म परत पाठवला. मला वाटतं त्यांच्या ऑफिसात तो सगळ्यांनी वाचला असणार. सोबत कागद आहे, 'कामाचे स्वरूप स्पष्ट होत नाही. कृपया नदीसंबंधीचा मजकूर वगळावा.' तो कागद मी जपून ठेवलाय. एखाद्या वर्षी मला त्याचं हसू येईल. यंदा नाही.

विश्वासू हा निर्णय नाही, मामा. विश्वासू कुत्राही असतो.

नवा कोरा फॉर्म सोबत आहे. आता त्यांनी दुसरी एक अट घातली आहे. तू माझा नातेवाईक निघालास म्हणून एकट्या तुझी सही चालणार नाही. त्याच मिलमधल्या, माझं काम जवळून पाहिलेल्या आणखी एका माणसाची सही हवी, आणि ती सातव्या रकान्याखाली हवी, म्हणजे निर्णय माझाच होता याला तो साक्षी. मी बसून आठवलं. मिलचे मॅनेजर गेले. हिशेबाची बाई गेली. युनियनचे तिघे गेले. उरला एक आर्वो नीमी. तेव्हा युनियनचा माणूस तोच होता, आमच्या ऑफिसात रोज यायचा, माझ्या टेबलावर बसून सफरचंद खायचा. आणि राहतो कुठे, तर तुझ्या समोरच्या घरात.

म्हणून आता असं कर. कोट घाल. दार उघड. रस्ता ओलांड. सही घे. परत ये. कॉफी पी.

तुमचं दोघांचं बोलणं बंद आहे हे मला माहीत आहे. आई सांगायची की पत्त्यांच्या डावावरून बिनसलं. मामा, तू ऐंशी वर्षांचा आहेस आणि तो सत्त्याहत्तर. पंचवीस वर्षं दर शनिवारी एका सौनात वाफ घेत बसलेली माणसं पत्त्यांवरून तोंड फिरवतात आणि मी इथे दिवसभर प्रौढ माणसांची भांडणं सोडवायची चार उत्तरं पाठ करते. त्यातलं पहिलं उत्तर तुला लागू आहे, आधी समोर जाऊन बोला.

मुदत बावीस नोव्हेंबर. त्या दिवशी ऑफिस बंद होईपर्यंत फॉर्मची प्रत त्यांच्याकडे पोचली पाहिजे. परीक्षा पाच डिसेंबरला. परवाच्या सरावात अडुसष्ट मिळाले. पास व्हायला सत्तर लागतात.

ट्रुडी

०

ओटर फॉल्स
२१ ऑक्टोबर

प्रिय ट्रुडी,

तुझं पत्र जरा तिखट होतं, पण अक्षर सुंदर आहे, ते तुझ्या आईवर गेलंय.

आर्वोचं म्हणशील तर सध्या त्याची घाई आहे. हरणांचा हंगाम पंधरा नोव्हेंबरला सुरू होतो. त्याआधी तो जंगलातल्या झोपडीचं छप्पर ठीक करायला रोज जातो. संध्याकाळी परततो तेव्हा दमलेला दिसतो. अशा माणसाला कागद दाखवणं बरं नाही. आणि एकदा हंगाम सुरू झाला की तीस तारखेपर्यंत तो परतायचा नाही, हे तुलाही माहीत आहे. इथे माणूस बहिणीच्या लग्नालाही झोपडी सोडून येत नाही.

दुसरं कोणी आठवतंय का बघ. टपाल वाटणारा जुना माणूस तुला चांगला ओळखायचा.

थंडी सुरू झाली. संध्याकाळी समोरच्या घरात दिवा लागतो तेव्हा मी पडदा ओढून घेतो. डोळ्यांना त्रास होतो.

तुझा,
रेनोमामा

०

वॉसॉ
२९ ऑक्टोबर

मामा,

टपाल वाटणारा माणूस. मी तुझं पत्र डब्याच्या सुट्टीत वाचलं आणि तसाच डबा बंद केला.

तू मुद्दाम करतोयस असं मला वाटायला लागलंय. पंधराच्या आत त्याला गाठलं नाहीस तर संपलं. डोळ्यांमुळे तुझा गाडीचा परवाना गेला, म्हणजे जंगलात तू जाऊ शकणार नाहीस. रस्ता ओलांडायला परवाना लागत नाही. मी स्वतः आले असते, पण हंगामात अर्धा कारखाना सुट्टीवर असतो आणि मी रजा मागितली तर नव्या मालकांना आयतंच कारण मिळेल.

एक मात्र तुला विचारायचं आहे, कारण तू होतास. काल नववा धडा केला, युनियन आणि करार. त्यात प्रश्न आला. एक कामगार तेरा महिने कामावर नव्हता. करारात लिहिलंय की बारा महिन्यांपेक्षा जास्त खंड पडला तर सेवा पुन्हा पहिल्यापासून मोजावी. आता माणसं कमी करायची आहेत. काय कराल. मी डोळे मिटून लिहिलं, करारातलं कलम लावावं. चूक. पुस्तक म्हणतं, अशा खंडाकडे आजवर काणाडोळा करत आले असतील तर ती वहिवाट झाली, आणि वहिवाट लिहिलेल्या कलमाइतकीच बांधून ठेवते. आधी युनियनला विचारावं. कामगार तक्रार करील तर जिंकेल.

मामा, मी अठ्ठ्याण्णवच्या यादीत अगदी हेच केलं होतं. चौदावं कलम मीच शोधून काढलं. आपल्याकडे याद्या कार्ड नंबरांवर व्हायच्या, म्हणून नाव आठवत नाही, नंबर आठवतो. कार्ड नंबर चारशे सहा. फायलीत तेरा महिन्यांचा खंड होता. त्याची तारीख मी नव्वदपासून धरली आणि तो अडतिसावा आला. तू परत आल्यावर यादी तपासलीस, सही केलीस, काही बोलला नाहीस. म्हणजे बरोबरच असणार. पुस्तकच चुकलं असेल, हो ना? तसं लिही, म्हणजे मी पुढचा धडा घेते.

आणि सही आण.

ट्रुडी

०

ओटर फॉल्स
१५ नोव्हेंबर

प्रिय ट्रुडी,

सतरा दिवस तुला उत्तर नाही. तू काय काय म्हणाली असशील ते मी इथे बसून ऐकलं आहे.

पुस्तक चुकलेलं नाही.

चारशे सहा म्हणजे आर्वो.

तुला मी तेव्हा सांगितलं होतं की तो स्वतःहून पैसे घेऊन बाहेर पडला. ते खोटं होतं. पत्त्यांचं तुझ्या आईला सांगितलं, तेही. एकोणनव्वद साली त्याची बायको हेलन अंथरुणाला खिळली. तो माझ्याकडे आला, म्हणाला, किती दिवस लागतील माहीत नाही. मी म्हणालो, जा, तुझ्या तारखेचं मी बघतो. तसं मी आधीही चौघांचं केलं होतं, कुणाची शेती, कुणाचा बाप. कुणी कधी हरकत घेतली नाही. मी माझ्या खिशातल्या वहीत पेन्सिलीने खूण केली. फायलीत लिहायचं राहून गेलं. हेलन गेली, आर्वो परत आला, कार्ड घातलं, कामाला लागला. तू आलीस चार वर्षांनंतर. तुला फायलीत दिसला तो नुसता खंड.

आणि मी यादी तपासली नाही, ट्रुडी. मॅनेजरने ती हॉस्पिटलात पाठवली. लेंपीला आत नेलं होतं. मी बाकावर बसलो होतो आणि मनात मिस सारींची कुठली तरी कविता म्हणत होतो, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. यादी घेऊन आलेल्या माणसाने पेन दिलं, मी सही केली. अडतीस माणसं, आणि मी एक नंबर वाचला नाही.

आठवड्याने आर्वो दारात उभा राहिला. त्याने एवढंच विचारलं, "हे तू केलंस?" मी हो म्हणालो. तू पंचवीस वर्षांची होतीस, गावाने तुला खाऊन टाकलं असतं, हे मी स्वतःला सांगितलं आणि पुढे सांगत राहिलो. पण दुसरंही खरं आहे. कठोर म्हणवून घेणं मला सोपं गेलं. न वाचता सही करणारा म्हणवून घेणं जड होतं. युनियनचा माणूस असून तो स्वतःसाठी भांडला नाही, तसं भांडायची त्याला लाज वाटत होती. म्हणून तक्रार आली नाही. त्यानंतर अकरा वर्षं तो शाळेची बस चालवत होता. सकाळी पावणेसातला ती माझ्या खिडकीखालून जायची.

तुझ्या फॉर्मवर मला लिहायचं होतं की निर्णय तिचा, एकही तक्रार नाही. आणि नव्या फॉर्मात तर खाली त्याची सही. कळलं ना आता, मी नदीविषयी का लिहीत बसलो.

काल दुपारी तो गाडीत सामान भरत होता. मी कोट घातला आणि रस्ता ओलांडला. सव्वीस वर्षांत प्रथम. सगळं सांगितलं, तुझं, माझं, हॉस्पिटलचं. त्याने ऐकलं. बंदुकीची पेटी ठेवली, बटाट्याचं पोतं ठेवलं, माझ्याकडे पाहिलंही नाही. मग हात पुढे केला. मला वाटलं माझ्याशी हात मिळवतोय, तर त्याला फॉर्म हवा होता. तो त्याने पोत्यावर टाकला आणि गाडी चालू केली. जाताना म्हणाला, "बर्फात उभा राहू नकोस, पडशील."

माझी सही त्यावर आहे. त्याची होईल असं मला वाटत नाही. जंगलात चूल पेटवायला कागद लागतो.

माझ्यामुळे तुझी खुर्ची जाईल.

रेनो

०

वॉसॉ
२१ नोव्हेंबर, दुपार

मामा,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. सोमवारीच उत्तर लिहिलं असतं तर ते वाचणं तुला जमलं नसतं, म्हणून थांबले.

मला सगळ्यात जास्त चीड कशाची आली सांगू? तू मला वाचवलंस याची. सव्वीस वर्षं मी त्या यादीच्या जोरावर ताठ चालले. या कारखान्यात मुलाखतीला आले तेव्हा तीच गोष्ट सांगितली, अडतीस माणसं, दोन दिवस, एकही तक्रार नाही. त्या सव्वीस वर्षांच्या पोरीलाही सांगितली, काम कसं चोख करावं म्हणून. तू एकदा, फक्त एकदा माझ्यावर ओरडला असतास तर मी त्याच्या दारात गेले असते. एक तक्रार लिहून घेतली असती आणि तो परत कामावर आला असता. पुस्तकात लिहिलंय, तो जिंकला असता. तू माझ्या चुकीवर पांघरूण घातलंस आणि थंडीत बाहेर तो राहिला.

आणि मग रात्रभर तुझ्यावर चिडून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मीही विचारलं नव्हतं. तो रोज माझ्या टेबलावर बसून सफरचंद खायचा. चारशे सहा कोण, हे कार्डांच्या फळीवर जाऊन बघायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. नंबर जुळला याचाच मला केवढा आनंद झाला होता. तो तेव्हा एकावन्न वर्षांचा होता, मामा. मी आज आहे तेवढा. त्याला पण कुणीतरी कपाटातला कागद दाखवून सांगितलं की तुझी वर्षं धरत नाही.

म्हणून ऐक. तुझ्या फॉर्मची वाट न बघता मी काल मंडळाला ईमेलने वेगळं पत्र पाठवलं. सातव्या रकान्यासाठी तीच यादी लिहिली. निर्णय माझा होता असं लिहिलं. तो चुकला होता असंही लिहिलं, वहिवाट न विचारता कलम लावलं, एका माणसाची सत्तावीस वर्षांची सेवा आठ केली. साक्षीदार नाही, कारण तो माणूसच साक्षीदार आहे. आज सकाळी उत्तर आलं. दोन ओळी. सही नसेल तर अर्ज उद्या पाचला बंद होईल. बाकी मजकुराबद्दल एक अक्षर नाही. वाचला की नाही कोण जाणे.

म्हणजे जानेवारीपासून संगणक. मी साहेबांना अजून सांगितलेलं नाही. आज अर्धा दिवस रजा टाकली आणि घरी येऊन काय केलं असेल, तर दहावा धडा वाचला. कशासाठी, विचारू नकोस. कालच्या सरावात त्र्याऐंशी मिळाले. हसावं की पुस्तक खिडकीतून फेकावं कळत नाही. आता सगळी उत्तरं येतात. सगळ्यांची सुरुवात एकच आहे, आधी विचारा.

आर्वोला मी पत्र लिहायला घेतलं होतं. तीन कागद झाले. प्रत्येकात 'करारानुसार' हा शब्द आला आणि मी फाडला. हंगाम संपला की येईन आणि समोर बसून बोलेन. तू पण त्या वेळी तिथे हवास, पडदा न ओढता. माझा राग गेलेला नाही. पण औषधं घे, आणि आर्वो म्हणाला तसं बर्फात उभा

थांब. अंगणात कुणाची तरी गाडी आली. मिशिगनची पाटी आहे.

मामा, मी उभ्या उभ्याच लिहिते आहे. दारात आर्वो आहे. अंगात केशरी जाकीट, दाढी आठ दिवसांची, बुटांना अजून जंगलातला चिखल. झोपडी सोडून, फॉर्मवरचा माझा पत्ता शोधत चार तास गाडी चालवत आलाय, हंगामाच्या ऐन मध्यात. हातात तुझा फॉर्म, चार घड्या घातलेला, कोपऱ्याला बटाट्याची माती. सही नाही. मी दारातून बाजूला झाले तरी आत येत नाही. म्हणतो, "रेनोने सांगितलं ते ऐकलं. आता तू सांग, आणि माझ्याकडे बघून सांग. मग पेन दे."